खालचा माणूस

चांद्याच्या जंगलपट्टीत त्या काळी कुठे नवं घर उभं राहिलं की लटारूची तिथे एक फेरी ठरलेली असे. दारात उभा राहून तो आधी वर आढ्याकडे बघे, मग घरमालकाकडे, आणि म्हणे, "हे आढं चिरलं तवा मी वर होतो." एवढं बोलून चहा येईपर्यंत तो जागचा हलत नसे.

वर असण्याचा अर्थ त्या भागात पोरासोरांनाही ठाऊक होता. सागवानाचं खोड खड्ड्यावर आडवं टाकायचं, एकाने खोडावर उभं राहायचं आणि एकाने खाली खड्ड्यात उतरायचं. आरा, म्हणजे लांब करवत, दोघं ओढतात, पण गेरूने मारलेली रेघ दिसते ती वरच्याला, आणि तिच्यावर आरा ठेवायचं कामही त्याचंच. खालच्याच्या वाट्याला भुसा येतो, डोळ्यांत, नाकात, भाकरी खायला तोंड उघडलं तर तोंडातही. लटारूच्या खाली वीस वर्षं त्याचा धाकटा भाऊ दसरू होता. कुणी आढ्याची तारीफ करताना दसरूचं नाव घेऊ लागला की लटारूला नेमका खोकला येई.

मग एका ठेकेदाराच्या पुलाची फळी वाकडी गेली. ठेकेदार सगळ्यांसमोर ओरडला, आणि लटारूने क्षणाचाही विचार न करता खड्ड्याकडे बोट दाखवलं. "खालच्यानं वाकडं ओढलं." आरा ओढणाऱ्यांत याहून मोठं खोटं नाही. रेघ चुकते ती वरच्याकडून, हे त्या दोघांनाही पक्कं माहीत होतं, पण लोकांनी लटारूचा शब्द खरा मानला. दसरू वर आला, अंगावरचा भुसा झटकला आणि सरळ घरी गेला. त्याला आता दोन वर्षं झाली होती. एटापल्लीच्या वाटेवरच्या त्यांच्या चिचटोल्यात दोघा भावांची घरं समोरासमोर, पण मध्ये जणू नदी वाहत होती.

त्या वर्षी चिचटोल्याच्या ख्रिस्ती मंडळीने गवताच्या प्रार्थनाघराच्या जागी विटांच्या भिंती उभ्या केल्या. वर गवताऐवजी मातीचे कवेलू, म्हणजे कौलं, चढायचे होते, तेव्हा आढं हवं. लटारू भर सभेत उठला. "खोड माह्या बांधावरचं, आढं माह्या हातचं. अन् माह्या सुगंधाचं लगन त्याच आढ्याखाली पयलं लागन." सुगंधा त्याची एकुलती एक लेक. टाळ्या पडल्या. लटारू घरी गेला तेव्हा त्याला दारातून वाकून आत शिरायचंही भान राहिलं नाही, कपाळाला चौकट लागली.

खाली उतरायला त्याने गावातल्या चैतूला धरलं. चैतू जोरदार गडी, पण त्याचा हात लटारूच्या हाताशी जुळेना. एक ओढी तेव्हा दुसरा सोडत नसे. आरा लाकडात अडकून बसला. बाजूची एक फळी फाटून वाया गेली, आणि अजून एक चूक झाली असती तर आढंच गेलं असतं. बांधावर तसलं दुसरं खोड नव्हतं आणि लग्न तोंडावर आलं होतं. लटारूने काम थांबवलं आणि तणतणत पाळक सोमाजींकडे गेला.

"पाळकसाहेब, मी रोज गुडघे टेकून देवाचा आशीर्वाद मागतो. मंग माहा आरा काऊन अडकून राह्यला?"

सोमाजी अंगणात धान वाळत घालत होते. ते म्हणाले, "भाऊ, आशीर्वाद वरून खाली येते. तू तं खाली उतरतच नाई. तुले तो भेटल कसा? अन् भावाशी अबोला धरून आणलेलं आढं मी देवापुढं काय म्हणून ठेवू?"

"उपदेश रविवारी देत जा," लटारू म्हणाला आणि निघाला. पण पाय घराकडे वळले नाहीत.

दसरू आपल्या खळ्यावर बैल फिरवून धानाची चुरणी करत होता. लटारूने वाटेत गोडगोड बोलणं जुळवलं होतं, पण तोंडातून नेहमीचंच निघालं. "आरा ओढाले ये."

"नाई येत."

लटारू ताडकन वळला. बोरीच्या कुंपणापर्यंत गेला. तिथे थांबून त्याने उगाच काटे नीट केले, आणि मग परत आला. त्याचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला होता.

"दसरू, त्या पुलाच्या फळीची रेघ म्या चुकवली होती."

"मले मालूम हाये," दसरू म्हणाला. "लोकायले मालूम नाई."

"लोकायपुढं सांगतो."

दसरूने बैल थांबवले. "येतो मंग. पन मी वर राहीन."

अख्ख्या चांद्यात लटारूला कुणी खाली पाहिलं नव्हतं. "तुले रेघ धरता येते?"

"वीस वर्सं खालून तुहे पाय पाहून राह्यलो, दादा. कुठी वजन टाकाचं, ते येते मले."

दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी खड्ड्याभोवती जमली. लटारू मधोमध उभा राहिला. "पुलाची फळी म्या बिघडवली. दसरूचा काईच दोष नव्हता. म्या त्याचं नाव खोटं घेतलं." एवढं बोलून कुणाच्याही तोंडाकडे न बघता तो खड्ड्यात उतरला. चैतू हसायला लागला, तसं सुगंधाने त्याच्याकडे असं काही पाहिलं की हसू त्याने गिळून टाकलं.

आरा चालू झाला. भुशाचा पहिला लोट डोळ्यांत गेला आणि लटारू आंधळाच झाला. रेघ नाही, लाकूड नाही, आभाळ नाही. वर दिसत होते ते फक्त दसरूचे पाय, भेगाळलेले, घट्ट रोवलेले. हेच त्याने वीस वर्षं सोसलं, आणि एकदाही आपल्याकडे बोट दाखवलं नाही! लटारूचे डोळे वाहू लागले. भुसा होताच, पण सगळं पाणी भुशाचं नव्हतं. आजवर तो आपल्या हातासाठी देवाला मागत आला होता. आता ओढता ओढता पुटपुटू लागला, "देवा, माह्या दसरूची रेघ सरळ जाऊ दे."

दोघांचे हात जुन्या सवयीने जुळले. आरा लोण्यात गेल्यासारखा गेला. शेवटची बाजू सुटली तेव्हा पाळकांनी गेरूचं सूत आढ्यावर टोकापासून टोकापर्यंत ताणलं, आणि मंडळीतून एकच आवाज उठला. कुठेही केसाचा फरक नव्हता. दसरू खोडावर तसाच उभा होता, काय करावं ते न कळून हात धोतराला पुसत. खाली भुशाने माखलेला लटारू मान वर करून त्याच्याकडे बघत होता. स्वतःच्या एकाही आढ्याकडे त्याने कधी इतक्या तोऱ्यात पाहिलं नव्हतं.

सुगंधाचं लग्न त्याच आढ्याखाली लागलं. पाळकांनी दोन्ही हात उंचावून जोडप्याला आशीर्वाद दिला, तेव्हा लटारूने शेजारच्या दसरूचा हात धरून ठेवला होता. उपासना संपली. नवऱ्या मुलाचे वडील दूरच्या गावचे, त्यांना लाकडाची पारख. वर बघत ते म्हणाले, "काय आढं हाये, इवाई! कोनाच्या हातचं?"

आता सगळी मंडळी लटारूकडे बघू लागली. त्याने छाती पुढे काढली, मिशीवरून हात फिरवला आणि सगळ्या प्रार्थनाघराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"माह्या भावाच्या हातचं. मी खाली होतो!"