डावी बाही

बायको वारली आणि मास्तरांच्या शिंपीकामाच्या दुकानात तक्रारी सुरू झाल्या. शर्टाची डावी बाही लांब.

"मास्तर, माझा डावा हात अजून वाढीला लागलाय, असं वाटलं का तुम्हाला?" दाढीवाल्या गिऱ्हाइकाने शर्ट काउंटरवर टाकत विचारलं.

मास्तर हसले नाहीत. मशीनवर बसलेल्या आपल्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाले, "याला विचारा. लक्ष कुठे असतं याचं."

मास्तर कापायचे, मुलगा शिवायचा. मधलं काम, कापलेले तुकडे जुळवून मशीनवर द्यायचं, त्याच्या आईचं होतं. आता तुकडे थेट मुलापुढे पडत.

गिऱ्हाईक गेल्यावर मुलाने मशीन थांबवलं. "बाबा, उद्यापासून मी कपड्याच्या कारखान्यात जातोय."

"चूक दाखवली की पळ काढायचा."

"आई होती म्हणून राहिलो होतो," एवढंच बोलून तो जेवायला गेला.

चूक त्याच्या नाकासमोर धरावी म्हणून मास्तरांनी शर्ट उसवायला घेतला. शिवण चोख होती. दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवल्या, तर डावी कापतानाच लांब झालेली. अजून न शिवलेल्या दुसऱ्या शर्टाच्या बाह्या जुळवून पाहिल्या. तेच. कापड दुहेरी अंथरून ते एकदम कापत, टाचण्या न लावता. टाचण्या नवशिक्यांना, असं ऐटीत सांगत. कात्रीखाली खालचं कापड सरकत होतं. हात तोच, सवय तीच. मग इतकी वर्षं तक्रार कशी आली नाही?

तुकडे जुळवताना बायकोची छोटी कात्री सारखी चालू असे. "दोरे काढायला किती वेळ लावतेस," ते करवादायचे. "झालंच," ती म्हणायची.

ती दोरे काढत नव्हती.

ती गेल्यापासून मास्तर तिच्यासाठी रडत होते. स्वतःकडे त्यांनी आज पाहिलं. आपण आणखी काय काय वाकडं कापलं आणि तिने न बोलता सरळ केलं? आपल्यावर रागावून गेलेला मुलगा दर वेळी परत यायचा, तो काय आपोआप? तिने तोंडावर सांगितलं असतं, तर आपण ऐकलं असतं का? याचं उत्तर त्यांना शोधावं लागलं नाही.

मुलगा आला आणि पिशवी भरू लागला.

"बाह्या मीच चुकीच्या कापल्या," मास्तर म्हणाले. "सगळ्याच."

"मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला?"

राग नेहमीसारखा उसळला. मास्तरांनी तो कसाबसा गिळला. "जायचं तर जा. चूक कुणाची होती, ते दाढीवाल्याला मी सांगेन. पण राहिलास, तर मी कापलेलं आधी तू तपास. चुकलं तर दाखव. आईसारखं गुपचूप सावरून घेऊ नकोस."

"आणि तुम्ही ओरडलात तर?"

"ओरडेन. तरी दाखव."

मुलाने भरलेली पिशवी खांद्याला अडकवली. पण टेबलावरचे शर्टाचे पुढचे दोन भाग उचलून तो दारातल्या उजेडात गेला.

"हेही खालीवर आहेत, बाबा."

मास्तरांनी चष्मा चढवला आणि ते त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. "कुठे?"