खिशातला निळा कागद

मी एक जुना काळा कोट आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. काळ्या कोटाला पाहून साक्षीदारांचे पाय लटपटतात म्हणे. पण त्या कोटाच्या आत अस्तराला किती घाम फुटलेला असतो, हे कोणी विचारत नाही.

पुसदच्या बाजारात गोविंदा शिंप्याने मला १९५८ साली शिवले. कापड चांगले अल्पाकाचे होते. कात्री चालली तेव्हाच मी निम्मा मेलो होतो, आणि गोविंदाने निखाऱ्यांची इस्त्री उचलली तेव्हा उरलेला निम्मा. तो मात्र गाणे गुणगुणत होता. "घाबरू नको रे, साहेबाच्या अंगावर जाणार तू," असे तो खरोखर मलाच म्हणाला.

ते साहेब दोन महिन्यांतच यवतमाळला वकिली करायला गेले आणि मला कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत खुंटीवर विसरले. झाले, मी बेवारस झालो. मग हळूहळू मी सगळ्यांचा झालो. कोणाचा कोट परटाकडे असला, कोणाचा एसटीत राहिला, की तो मला अंगात घालून न्यायाधीशांसमोर उभा राहायचा. सकाळी मी फिर्यादीच्या बाजूने, दुपारी आरोपीच्या बाजूने. एकदा तर ज्याच्या अंगात होतो त्याच्याच आदल्या दिवशीच्या म्हणण्याला मी खोटे ठरवले. "पुसदचा सर्वात अनुभवी वकील खुंटीवर टांगलेला आहे," असे वकीलमंडळी म्हणत. त्या कौतुकाने मी क्षणभर फुलायचो आणि पुढच्याच क्षणी कसर लागेल या भीतीने आकसायचो.

त्या खोलीत चहाबरोबर जगातले सगळे खटले चालत. मुंबईच्या एका मोठ्या खटल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात आल्या, तेव्हा पंधरा दिवस इथला प्रत्येक वकील न्यायाधीश होता. पण खरी लढाई जुंपली ती टुरिंग टॉकीजमधल्या एका सिनेमावरून. त्यात एक देखणा वकील समोरच्या वकिलाच्या पिशवीतून एक पत्र पळवतो, भर कोर्टात वाचतो, आणि गुन्हेगार तिथेच कोसळतो. पुसदच्या लोकांनी तंबूत शिट्ट्या मारल्या होत्या.

"तो वकील नाही, चोर आहे चोर," घनश्यामराव म्हणाले. ते खोलीतले सर्वात वडील वकील. आवाज भारदस्त, स्वभाव विसरभोळा.

"पण काका, खरं तं बाहेर आलं ना?" धर्मपाल म्हणाला. हा सर्वात तरुण. नागपूरला दीक्षा घेतल्यावर त्याने नाव बदलले, तिथेच कायदा शिकला आणि पुसदला आला. आल्यापासून त्याने एकही खटला जिंकला नव्हता. "मी राह्यलो असतो तं मीबी वाचलं असतं."

"खरं बाहेर आलं बाबा. पण उद्या कोणता अशील आपल्या वकिलाजवळ खरं बोलन? पेशंट डॉक्टरले दुखणं नाही सांगत काय? तसं हाय हे."

धर्मपालला ते पटले नाही. सगळे हसले आणि चहा संपला. मीही तेव्हा धर्मपालच्याच बाजूने होतो, कारण सिनेमा मलाही आवडला असता.

त्याच आठवड्यात माझ्यावर संकट कोसळले.

पुसदजवळच्या एका तांड्यावर भीमसिंग आणि अमरसिंग यांची शेते लागून होती. दोघांच्यात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जुना वाद होता. उन्हाळ्यात अमरसिंगची कडब्याची गंजी जळाली. वर्षभराचा चारा एका संध्याकाळी राख झाला आणि त्याचे बैल उपाशी राहिले. तांड्यावरची भांडणे नायकासमोर, म्हणजे तांड्याच्या प्रमुखासमोर, मिटवायची, हा त्यांचा रिवाज. पण अमरसिंग रागाने बेभान झाला होता. तो नायकाकडे न जाता सरळ कोर्टात गेला आणि भीमसिंगवर आग लावल्याची फिर्याद केली. त्याचा वकील धर्मपाल. भीमसिंगचा वकील घनश्यामराव.

घनश्यामरावांचा स्वतःचा कोट त्या दिवशी परटाकडे होता. मला अंगात घालून ते कोर्टामागच्या लिंबाखाली भीमसिंगजवळ बसले.  भीमसिंगचा बांध फुटला.

"साहेब, म्या लावली नाई जी. पन म्या तथीसाच होतो. गंजीच्या आडोशाले बिडी ओढून राह्यलो होतो. वारा सुटला, ठिणगी उडाली. इझवाले गेलो तं हात पोयला. मंग पळालो. हंसाबाई अन् लेकरं डोळ्यासमोर आले, कोन इश्वास ठेवीन माह्यावर?"

त्याने तळहात दाखवला. घनश्यामरावांनी एका निळ्या कागदावर सगळे लिहून घेतले आणि म्हणाले, "आता हे कोणाजवळ बोलू नको. आग तू जाणूनबुजून लावली, हे त्याईले सिद्ध करू दे." कागद त्यांनी माझ्या आतल्या खिशात ठेवला. संध्याकाळी मला खुंटीला लावले आणि ते घरी गेले. कागद माझ्या खिशातच राहिला.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. विरुद्ध बाजूंचे वकील एकच कोट घालतात, असे दुसऱ्या कुठल्या कोर्टात घडत असेल? त्या कागदावर एका माणसाची दोन वर्षांची कैद लिहिलेली होती. जाणूनबुजून लावली की चुकून लागली हे पुढे कोण पाहणार होते? भीमसिंग तिथे होता आणि पळाला, एवढेच पुरेसे होते.

दुसऱ्या दिवशी युक्तिवाद होता. घनश्यामराव आपला धुतलेला कोट घालून आले. आणि धर्मपाल आला तो फाटक्या बाहीने. दिग्रसहून येताना एसटीच्या दाराच्या खिळ्यात त्याची बाही अडकली होती. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि मला उचलले.

कोर्ट भरले. भीमसिंग पिंजऱ्यात उभा होता, हात मुठीत लपवून. मागे त्याची बायको हंसाबाई ओढणीचे टोक दातात धरून बसली होती. धर्मपाल धुऱ्याच्या वादाबद्दल बोलला, अमरसिंगच्या उपाशी बैलांबद्दल बोलला. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"हे सगळं ठीक आहे. पण आरोपी त्या वेळी गंजीपाशी होता, याला पुरावा काय?"

धर्मपालच्या मानेवरून घाम माझ्या कॉलरवर उतरला. आपले टिपण शोधायला त्याने खिशात हात घातला आणि निळा कागद बाहेर काढला. उघडला. घनश्यामरावांचे ते तिरके अक्षर तो रोज पाहत होता. त्याचे काळीज माझ्या अस्तरावर असे धडधडू लागले की, माझी शिवण उसवते की काय असे मला वाटले.

समोर घनश्यामरावांचा हात आपल्या छातीवरच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा. त्यांची नजर माझ्याकडे वळली. मी भीतीने थिजलो होतो. एक वाक्य बोलले की खटला जिंकला. धर्मपालने जिंकलेला पहिला खटला. तंबूत तर शिट्ट्या वाजल्या होत्या.

"वकीलसाहेब, मी विचारतोय, पुरावा आहे का?"

धर्मपालने कागदाची घडी केली. एक, दोन, तीन घड्या. कागद परत खिशात ठेवला.

"नाही साहेब," तो म्हणाला. "फिर्यादीजवळ तसा पुरावा नाही."

भीमसिंग सुटला. हंसाबाई मोठ्याने रडली. वकिलांच्या खोलीत धर्मपालने कागद घनश्यामरावांच्या हातात ठेवला.

"वाचला?" त्यांनी विचारले. 

"दोन ओळी. तुमचं अक्षर हाय हे कळायच्या आधीच नजर पडली, काका. मंग तुमची पेशंटची गोष्ट आठवली."

"चूक माही. माह्या हातानं मी त्याले आत घालून राह्यलो होतो." ते बाकावर बसले.

अमरसिंग मात्र दारात उभा राहून ओरडला, "तुमी इकल्या गेले! त्याच्या वकिलाले मिळाले!"  घनश्यामराव उठू लागले, तर धर्मपालने त्यांचा हात दाबला. मग ही गोष्ट बाजारात गेली आणि धर्मपालच्या बाकासमोर अशील बसेनासा झाला. तो रोज यायचा, वर्तमानपत्र वाचायचा आणि जायचा. आता हा वकिली सोडून जाईल, अशी मला रोज भीती वाटायची. अमरसिंगला सगळे सांगून टाकावे, असे घनश्यामरावांना वाटे, पण सांगायचे म्हणजे भीमसिंगचे गुपित फोडायचे. दोघेही बांधलेले होते.

दिवाळीनंतर एके सकाळी दारात दोन माणसे उभी राहिली. भीमसिंग आणि अमरसिंग, एकत्र. मी घाबरलो, आता मारामारी!

पण भीमसिंग घनश्यामरावांच्या पाया पडला. "साहेब, नायकासमोर जाऊन समदं सांगून देलं. कोर्टात जेलची भीती होती, तथी फक्त लाज होती. लाज सोसली. जळाला तेवढा कडबा याईच्या गोठ्यात टाकला."

अमरसिंग धर्मपालकडे वळला. 

"वकीलसाहेब, त्या दिवशी तुमच्या हातात कागद होता. निळा. म्या पाह्यलं होतं. तुमाले ठाऊक होतं का?"

 धर्मपालला आपली अब्रू परत मिळवायला एक "हो" पुरे होते.

"अमरसिंगभाऊ," तो म्हणाला, "वकिलाले असं इचारू नाई. चहा घ्या."

अमरसिंग उभाच राहिला. मग बाकावर बसला, धर्मपालच्या बरोबर समोर.

"माह्या भावाशी हिश्श्याची भानगड हाय," तो म्हणाला. "तुमीच घ्या ते काम. जो माह्या दुश्मनाचं पोटात ठेवते, तो माहं बी ठेवीन."

मित्रांनो, आता मला सगळीकडे कसर लागली आहे. त्या प्रसंगानंतर प्रत्येकाने आपापला दुसरा कोट शिवून घेतला आणि मला कोणी हात लावेनासे झाले. त्याचे वाईट वाटते, पण तेच योग्य होते. तुम्हाला एवढीच विनवणी की, कोट खुंटीला लावण्याआधी खिसे रिकामे करत जा. आणि दुसऱ्याचा कागद हाती आलाच, तर घडी करून ज्याचा त्याला द्या. हात कापत असले तरी द्या. धर्मपालचेही कापत होते.

आणि हो, ही हकीकत सांगताना मला सर्वात जास्त भीती वाटली. म्हणून सगळ्यांची नावे मी बदलून सांगितली आहेत. खरी विचारू नका.