वळणावरचं पिंप

वामनने पांढुरक्या घोड्याच्या पुढच्या पायाची नळी अंगठ्याने दाबत वरून खाली नेली, आणि मग पुन्हा खालून वर. घोडा शांत उभा होता. नेमकं तेच वामनला आवडलं नाही.

"काय खायला घातलंस ह्याला?"

"हरभरा, गवात. दुसरं काय घालणार?" हौसेराव म्हणाला.

"मंग एवरा गप कसा?"

"गप हाय, ते बी चुकलं व्हय, वामनशेठ?"

हौसेराव साताऱ्याकडचा, घोड्यांचा व्यापारी. नेरूळच्या मागे खाडीच्या बांधाला लागून त्याने पत्र्याची शेड भाड्याने घेतली होती. हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या घोडागाडीच्या शर्यती सुरू व्हायच्या आधी तो चार-पाच तरणे घोडे तिथे आणून बांधायचा.

वामनचा स्वभावच संशयी. दूधवाल्याच्या देखत तो दुधात बोट बुडवून पाहायचा. भातशेती गेली, तिथे इमारती उभ्या राहिल्या, सारसोळ्यातल्या त्याच्या खोल्यांची भाडी येऊ लागली, तरी संशय काही गेला नाही. उलट आता त्याला वेळ भरपूर मिळत होता.

घोड्यांच्या बाबतीत मात्र त्याचं तोंड खरोखर पोळलेलं होतं. पाच वर्षांपूर्वी त्याचा दर्या नावाचा घोडा अलिबागकडच्या वाळूवर, सगळ्या गावाच्या देखत, वळणाच्या निशाणापाशी जाऊन थांबला. बाकीच्या गाड्या निशाणाला वळसा घालून परत आल्या आणि दर्या आपला मान वर करून तिथेच. घराणं म्हणाल तर बाप पुण्याच्या रेसकोर्सवर जिंकलेला. वामनने चार गावांच्या लोकांसमोर त्याच्या सात पिढ्या काढल्या, रक्तच भित्रं आहे म्हणून सांगितलं, आणि दिवस मावळायच्या आत एका अनोळखी दलालाला तो देऊन टाकला. जनावर विकताना तोंडावरची म्होरकी काढून घरी ठेवायची असते, त्या दोरात घरची लक्ष्मी असते. रागाच्या भरात वामनने तीही काढली नाही. ती म्होरकी त्याच्या बायकोने, गोजराने, स्वतः विणली होती. ती कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोलली नाही.

आता एकच घोडा घ्यायचा, शेवटचा. तोही थांबला तर गाडी मोडून टाकायची आणि शर्यतीचं नाव काढायचं नाही, असं त्याने गोजराला कबूल केलं होतं. शर्यतीशिवाय माणसाने दिवसभर खोल्यांचे गळके नळच बघत बसायचं का, या विचाराने त्याला रात्रीची झोप लागत नव्हती.

"बाबा, ह्याचा आजा डर्बी पळलाय," प्रीतम मोबाइल पुढे करत म्हणाला. "ब्लडलाइन बघ ना. आईच्या साइडनेपण सगळे विनर. टेन्शन नको घेऊस."

प्रीतम त्याचा एकुलता एक मुलगा. त्या दिवशी दर्याची गाडी त्यानेच हाकली होती.

"दर्याचा बापूसबी जिंकला व्हता," वामन म्हणाला. "ह्याचे गुडघे बघ, मागं झुकलेत. वालूत आजा पलनार काय ह्याच्या बदली?"

तो उठला, हात झटकले, आणि तेव्हा त्याला शेडच्या मागच्या बाजूला बांधलेला तांबडा घोडा दिसला.

तीन वर्षांचा असेल. छाती रुंद, खांदा तिरपा, पुठ्ठे भरलेले, आणि चारी खूर जमिनीवर सारखे टेकलेले. वामनने त्याच्याभोवती एक फेरी मारली, मग उलट्या बाजूने दुसरी. ओठ उचलून दात पाहिले. गळ्याखाली देवमणी, शुभ मानतात तो केसांचा भोवरा, तोही जागच्या जागी. खोड काही सापडेना, तसा तो जास्तच अस्वस्थ झाला.

"हा का नाय दाखवलास?"

"त्यो इकायला न्हाई आणलेला," हौसेराव म्हणाला. "सोबतीला आणलाय."

"बापूस कोन ह्याचा?"

हौसेरावने घोड्याच्या पाठीवरची एक काडी काढून टाकली. "नदीचं मूळ आन् ऋषीचं कूळ इचारू न्हाई म्हंत्यात."

"ऋषीचा नको. घोऱ्याचा सांग."

"अंग बगा की, शेठ. तुमीच आत्ता म्हणला की, आजा पळणार काय. रक्त काय चाटायचंय?"

व्यापारी घराणं लपवतो म्हणजे पाणी मुरतंय. चोरीचा असेल, नाहीतर बापाला काहीतरी रोग असेल. वामनने प्रीतमकडे पाहिलं. प्रीतम शेडच्या खांबाला टेकून उभा होता आणि तांबड्याकडे बघत नव्हता. इतका देखणा घोडा समोर असताना सव्वीस वर्षांचा पोरगा खाडीतल्या चिखलाकडे बघत होता.

"बाबा, सोड ना हा. बापाचं नाव नाही, काय नाही. पांढरा फायनल कर."

"तुला कवरी घाई?"

"घाई कसली? मी आपलं सांगतो."

पांढुरक्याची किंमत तांबड्याच्या दुप्पट असणार. वामनच्या मनात पाल चुकचुकली. हौसेरावने पोराला हाताशी धरलंय. विचार आला तसा तो स्वतःच चपापला, कारण जगातल्या सगळ्यांवर संशय घेताना त्याने प्रीतमला आजवर त्यातून वगळलं होतं.

"जुंप ह्याला," तांबड्याकडे बोट दाखवत तो म्हणाला. "गारी तू हाक."

"मी? हौसेराव हाकतील ना."

"शर्यतीत हौसेराव बसनार काय?"

शेडपासून बांधाच्या कडेने सरळ मातीची वाट जात होती आणि तिच्या टोकाला, वळसा घ्यायची खूण म्हणून, एक गंजलेलं पिंप ठेवलेलं होतं. हौसेराव आणि प्रीतम घोडा जुंपत होते तेव्हा वामन त्या पिंपाकडे चालू लागला. शर्यतीत तो नेहमी शेवटच्या रेषेपाशी उभा राहायचा. मालकाची जागा तीच, असं म्हणायचा. तो स्वतः जन्मात कधी गाडीवर बसला नव्हता आणि का, ते कोणी त्याला विचारलं नव्हतं. आज मात्र त्याला वळताना घोड्याचे पाय बघायचे होते. खोट असेल तर तिथे दिसणार होती.

गाडी सुटली. तांबडा पहिल्या दहा टापांतच मोकळा झाला, मान लांब केली आणि माती उडवत आला. वामन रक्तबिक्त सगळं विसरला. असा घोडा आपल्या दारात असावा, एवढंच त्याला वाटलं.

पिंप जवळ आलं. घोडा आपणहून डावीकडे कलला, वळसा घ्यायला निघाला. आणि त्याच क्षणी प्रीतमचे दोन्ही कोपर मागे गेले, बरगड्यांना चिकटले. त्याचे डोळे मिटलेले होते. लगाम ताणला गेला, घोड्याचं तोंड उघडलं, मान वर गेली, आणि गाडी पिंपापाशी येऊन उभी राहिली.

मान वर करून तिथेच. दर्याही असाच दिसला होता. पण तेव्हा वामन दुसऱ्या टोकाला होता आणि इतक्या लांबून फक्त घोड्याची मान दिसली होती. गाडीवरच्या माणसाचे कोपर कोणाला दिसणार? त्याच्या आदल्या मोसमात प्रीतमच्या चुलतभावाची, धनेशची, गाडी निशाणापाशीच उलटली होती. धनेश अजून काठी घेऊन चालतो. त्याला वाळूतून उचलून आणणाऱ्यांत प्रीतम होता.

प्रीतमने डोळे उघडले. बाप समोरच उभा होता.

तांबडा धापा टाकत होता. वामन पुढे झाला, त्याने घोड्याच्या गालावर हात ठेवला, आणि लगामाखालच्या म्होरकीला त्याची बोटं लागली. जाळ्याची निळी दोरी, उन्हाने विटलेली. कानामागे गाठ होती, दुहेरी, आतून फिरवून घेतलेली. गोजराचं माहेर खाडीकाठच्या दिवाळे गावचं, जाळी विणणाऱ्यांच्या घरातलं. अशी गाठ सातारच्या माणसाच्या हातून पडणं शक्यच नव्हतं.

त्याने प्रीतमकडे पाहिलं. प्रीतमला ती शेडमध्ये शिरल्याशिरल्याच ओळखू आली होती, हे आता त्याला कोणी सांगायला नको होतं.

हौसेराव वाटेने चालत आला. वामनचा हात कुठे आहे ते त्याने पाहिलं.

"दलालाकडनं म्याच घेतला हुता दर्याला," तो सावकाश म्हणाला. "आदी नाव सांगितलं असतं, तर अंगाला हात तरी लावला असता का तुमी? चार गावांत बदनाम केल्याला घोडा. त्याची पिल्लं कोण घेतंय."

"कुठं हाय तो?"

"हाय की, आमच्या रानात. म्हातारा झालाय. पोरं पाठीवर बसत्यात."

वामन बराच वेळ घोड्याचा गाल चोळत राहिला. एका मुक्या जनावराच्या सात पिढ्या आपण काढल्या, ते त्याला आठवत होतं, आणि लाज वाटत होती. खाण तशी माती, असंही तो त्या दिवशी ओरडला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

"हा घेतला," तो म्हणाला. "आनि त्यालाबी आन. दोगांचं मिलून काय ते सांग."

"त्यो पळणार न्हाई आता."

"पलवायला नाय मागत."

हौसेराव पुढे झाला आणि रिवाजाप्रमाणे म्होरकीच्या गाठीला हात घातला. विकणाऱ्याने ती ठेवून घ्यायची.

"ऱ्हाऊ दे ती," वामन म्हणाला. "आमच्या घरची हाय."

प्रीतम अजून गाडीवरच होता. लगाम त्याच्या मांडीवर सैल पडला होता.

"बाबा, त्या दिवशी मी..."

"शेडपावत ने ह्याला," वामन म्हणाला. "आनि परत आन. वलसा घालून."

"नाय जमणार मला."

"मी हितंच उभा हाय."

प्रीतमने गाडी हळूहळू वळवली आणि चालवतच शेडपर्यंत नेली. तिथे ती इतका वेळ उभी राहिली की हौसेराव वामनकडे बघू लागला. मग सुटली. तांबड्याने पुन्हा मान लांब केली. टापांचा आवाज आधी पायाखालच्या मातीतून जाणवला, मग कानांवर आला. प्रीतमचे कोपर दिसू लागले. ते अजून मोकळे होते.

पिंपाजवळ येता येता वामनचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं. दोन्ही मुठी बरगड्यांपाशी आवळलेल्या होत्या, लगाम खेचून धरावा तशा. त्याने त्या सोडल्या आणि हात पाठीमागे घेतले.

घोडा डावीकडे कलला.