मोठ्या ढोलामागची बाई

माझी आत्या आमच्या गावच्या बँडमधली पहिली बाई. आता जो तो छाती पुढे काढून सांगतो की आम्ही तिला संधी दिली. संधी कसली डोंबलाची. त्यांनी तिला काय काय दिलं ते मी सांगते.

माझ्या आजोबांचं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान होतं. आत्या त्यांच्या हाताखाली चेपलेल्या ट्रम्पेटचे पोचे काढायची, अडकलेल्या कळा मोकळ्या करायची आणि काम नीट झालंय का ते स्वतः वाजवून बघायची. बघता बघता ती अशी वाजवायला लागली की गिऱ्हाइकांची तोंडं उतरायची. तेच वाद्य त्यांच्या हातात गेलं की रेकायचं.

तेविसाव्या वर्षी तिने बँडसाठी अर्ज केला. समितीत सात पुरुष, त्यांतल्या पाचांना सूर आणि शिट्टी यांतला फरक कळत नव्हता. त्यांना काळजी एकच, ट्रम्पेट वाजवून बाईचे ओठ बिघडले तर? कुणाचे बिघडले होते, हे कुणी विचारलं नाही. डॉक्टरचा दाखला आण, असं फर्मान निघालं. डॉक्टरने बिचाऱ्याने पट्टी लावून ओठ मोजले आणि 'ठीक आहेत' असं लिहून दिलं. मग तिला घेतलं, पण शेवटच्या रांगेत, मोठ्या ढोलाच्या मागे. एकटीने काही वाजवायचं नाही, ही वर अट.

पहिल्या खुर्चीवर, म्हणजे मुख्य ट्रम्पेटवाल्याच्या जागी, समितीच्या अध्यक्षांचा मेहुणा बसायचा. स्वतःला 'फुंकरसम्राट' म्हणवून घ्यायचा. त्याचे पुढचे दात खोटे आहेत हे घरच्यांनाच ठाऊक होतं. ते सगळ्या गावाला कळलं सहा वर्षांनी एका रविवारी, बागेतल्या कार्यक्रमात. एकट्याने वाजवायचा लांबलचक तुकडा होता. सम्राट ऐटीत उठले, जोर लावून फुंकर मारली आणि कवळी टुणकन मंचाच्या खालच्या पायरीवर जाऊन पडली. बँड अडखळला, लोक खिदळायला लागले.

तेवढ्यात ढोलामागून आत्या उभी राहिली आणि तो तुकडा तिने तिथूनच उचलला. सहा वर्षं ती तो दुकानात रोज वाजवत होती. खिदळणं थांबलं. शेवटचा सूर विरला. मग टाळ्या पडल्या, त्या थांबेनात.

दुसऱ्या दिवशी समितीचं पत्र आलं. परवानगीशिवाय उभं राहिल्याबद्दल लेखी माफी मागावी. कवळीबद्दल अर्थातच चकार शब्द नव्हता. आजोबा म्हणाले, दोन ओळी खरडून टाक आणि मोकळी हो. आत्याने काही खरडलं नाही. ती बँडला जायचीच बंद झाली.

पुढचे तीन रविवार लोक बागेत यायचे, ती बाई कुठाय म्हणून विचारायचे आणि उठून जायचे. चौथ्या आठवड्यात अध्यक्ष दोन सभासद घेऊन दुकानात आले. दोन्ही खुर्च्यांवर वाद्यं होती. आत्याने ती उचलली नाहीत, त्यामुळे मंडळी उभीच राहिली.

"झालं गेलं सोडून दे," अध्यक्ष म्हणाले. "तुझी जागा आम्ही तशीच ठेवली आहे."

"ती नको. मला पहिली खुर्ची हवी."

"ती माझ्या मेहुण्याची आहे."

"मग त्यांनाच वाजवू द्या," आत्या म्हणाली आणि तिने पुढचं ट्रम्पेट दुरुस्तीला घेतलं.

अर्ध्या तासाने अध्यक्षांचे पाय दुखायला लागले आणि त्यांनी मान डोलावली.

मी एकदा तिला विचारलं, तेव्हा किती आनंद झाला असेल ना? ती म्हणाली, "आनंद कसला. किळस आली. या सात जणांनी मला बरं म्हणावं म्हणून मी सहा वर्षं तिष्ठत बसले होते, याची."

त्या खुर्चीवर ती एकोणीस वर्षं बसली. पाच बायकांना तिने बँडमध्ये आणलं, स्वतः शिकवून. समितीच्या एकाही जेवणावळीला मात्र ती गेली नाही. वाजवायला जायची, वाजवून सरळ घरी यायची.