डावीकडे हलकी

दवाखान्यातून फोन आला तेव्हा एर्मेस आपल्या गॅरेजात एका गाडीखाली उताणा पडून पॉवर स्टिअरिंगची तेलाची नळी बदलत होता. त्याची बायको इरिदे सकाळीच गेली, असं नर्सने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, नळीची पट्टी घट्ट केली आणि मग बाहेर आला.

पुढच्या वसंतात इरिदेची भाची मोरेना तिची गाडी न्यायला आली. मावशीने ती तिलाच दिली होती. जुनी, दोन सीटची, इरिदेने डोंगर चढायच्या शर्यतीत वीस वर्षं पळवलेली. रविवारच्या शर्यतीत मोरेना तीच घेऊन उतरणार होती. वरच्या चर्चपर्यंत एक फेरी मारून ती परत आली, ती हसतच.

"काका, गाडीचं बिनसलंय काहीतरी. डावीकडे नुसता हात लावला की वळते, उजवीकडे मात्र रुसून बसते."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे? अख्खा गाव तुमच्याकडे गाड्या आणतो आणि घरच्या गाडीची ही तऱ्हा?"

एर्मेसने बॉनेट उघडलं. स्टिअरिंगच्या व्हॉल्व्हवर बोट ठेवलं.

"हा मीच केसभर सरकवलाय. खांद्याच्या ऑपरेशननंतर तिला डावी वळणं जड जायची. पण तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे. गाडी हलकी करून देतो म्हटलं, तर पाना फेकून मारला असता. रस्ता हाताला कळला पाहिजे, नाहीतर घरी बसून शेवया वळते, म्हणायची. म्हणून न सांगता केलं. तेही एकाच बाजूला."

"न सांगता?"

"तिला पत्ताच लागला नाही."

मोरेना गाडीच्या दाराला टेकली. हसू आवरत होती, पण डोळे भरून आले होते.

"काका, तिला पहिल्याच वळणावर कळलं होतं. मी शेजारी बसले होते. म्हणाली, तुझ्या काकाने माझ्या पाठीमागे काहीतरी खोडी केलीय. गप्प राहा. बोललीस तर पुन्हा सरळ करून ठेवेल."

 एर्मेस कापड घेऊन हात पुसू लागला. हात स्वच्छच होते.

"असं म्हणाली?"

"असंच. आणि डोंगर चढताना डावी वळणं यायला लागली की गुणगुणायची."

थोड्या वेळाने मोरेनाने हलकेच विचारलं, "पण मला रविवारी अशी नाही चालायची, काका. कराल ना दोन्हीकडे सारखी?"

"करतो की. पाच मिनिटांचं काम आहे."

गाडी तिथेच ठेवून ती गेल्यावर त्याने पाना काढला आणि व्हॉल्व्हशेजारी ठेवला. शनिवारची संध्याकाळ झाली तरी पाना तिथेच होता. व्हॉल्व्हचे दोन्ही बोल्ट अजून सैल करायचे होते.