मामांनी घातलेली टोपी

दुपारी बारा वाजता, नानाजींच्या तेरवीला, कर्त्याची टोपी चुकीच्या डोक्यावर गेली.

ती घातली उमरेडहून आलेल्या मामांनी, गणपतरावांनी. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू होता. समोर पाटांवर दोन भाचे, नानाजींची मुलं, बसलेले, थोरला केशव आणि धाकटा सौरव. दोघांचीही मुंडन केलेली डोकी, उतरवलेल्या मिशा, खांद्यावर सारखेच पांढरे दुपट्टे. मामांचा हात सौरवकडे वळताना केशवला दिसला. "मामाजी, मी इकडं," एवढं म्हणायला वेळ होता. तो म्हणाला नाही.

बाप गेला की तेराव्या दिवशी मामानं थोरल्याचं उघडं डोकं झाकायचं, ही या घराण्याची भोसल्यांच्या काळापासूनची रीत. आधी पगडी असे. महालातला कारागीर थोरल्याच्या डोक्याचं माप घेऊन ती बांधून द्यायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर ती बसलीच नसती. पुढे कचेरीतल्या नोकऱ्या आल्या आणि पगडीची काळी टोपी झाली. आता तेरवीच्या सामानासोबत इतवारीच्या बाजारातून पांढरी टोपी आणतात. ती कोणालाही होते. अर्थ मात्र बदलला नाही. टोपी ज्याच्या डोक्यावर, घराचं बरंवाईट त्यानं पाहायचं आणि आईनं त्याच्याकडे राहायचं.

नानाजींचं डायलिसिस सहा वर्षं चाललं. हिंगण्याच्या कारखान्यातली पाळी संपली की केशव त्यांना घेऊन दवाखान्यात जाऊन बसायचा. सौरव पुण्याहून दिवाळीला यायचा.

पंगत उठल्यावर आतेभाऊ बाबारावनं विषय काढला. "मामाजी, तुम्ही डोळ्याचं ऑपरेशन लांबवलं अन् इकडं राज्यच बदललं ना."

"करा गा थट्टा," गणपतराव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मंग बदलून टाका. किती वेळ लागते?"

"घातलेली टोपी आपण होऊन काढाची नसते. दिवस बुडायच्या आत थोरल्यानं चारचौघात मागितली, तरच धाकट्यानं द्याची. माग गा केशव."

सगळे केशवकडे पाहू लागले. "पाहू मामाजी," तो म्हणाला आणि उष्ट्या पत्रावळी गोळा करू लागला.

केशवच्या बायकोनं, वैदेहीनं, त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "तुम्हाले दिसलं होतं ना?"

"हो."

"मंग काहून नाही बोलले?"

"थकलो वं. मले एकदा झोपाचं आहे. कोणाच्या खोकल्यावर कान न ठेवता."

"अन् आई?"

केशवनं नळ सोडला आणि हात धूत राहिला.

शेजारच्या खोलीत केशवची आई, प्रयागबाई, पलंगावर बसल्या होत्या. भिंत पातळ होती. थोड्या वेळानं वैदेही आत गेली, तर त्या बॅगेत लुगडी घालत होत्या. गोळ्यांचा डबा आधीच आत गेला होता.

"आई, बॅग काहून भरून राहिल्या?"

"सौरवची गाडी संध्याकाळची आहे ना. टोपीवाल्याकडं राहाचं असते." त्यांनी शालीची घडी पुन्हा घातली. "झोपू दे त्याले आता."

सौरव गच्चीवर बायकोशी फोनवर बोलत होता. "अगं, मी मागितली होती का?" एवढं वाक्य जिन्यातून खाली आलं. मग बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला. खाली आला तेव्हा टोपी डोक्यावरच होती. घामानं तिची कड ओली झाली होती.

"दादा," तो हळूच म्हणाला, "मागाची असंन तर माग. मी नाही म्हणणार नाही. नाही तर आईचं तिकीट पाहतो."

"गाडीत खालचा बर्थ लागते तिले," केशव म्हणाला. "रात्री दोनदा उठते."

"पाहतो."

"अन् गोळ्या जेवणाआधीच्या वेगळ्या आहेत."

"मागून राहिला का तू?"

गणपतराव डोळे बारीक करून दोघांकडे आळीपाळीनं पाहत होते.

साडेपाचला ऊन समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीवर चढलं होतं, दिवस बुडायला थोडाच वेळ होता. प्रयागबाई चपला घालून दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. सौरव मोबाइलवर खालचा बर्थ शोधत होता. केशव खुर्चीतून उठला होता. अजून त्यानं काही मागितलं नव्हतं.