मावंगाच्या रक्तातला बहुरूपी

मी बोलतोय, मावंगाच्या रक्तातून. झोपेच्या आजाराचा जंतू म्हणा, नाहीतर शिव्या घाला. मला लाज नाही.

क्विलू नदीकाठच्या डबक्यात ती कसावाची कंदमुळं भिजत घालायला वाकली होती. तेव्हा त्सेत्से माशीनं मला तिच्या दंडात सोडलं. तिच्या रक्तातली फौज लगेच अंगावर आली. येऊ दे की! माझ्या अंगावर एक झगा असतो. फौज तो ओळखायला शिकते, दिसेल त्याला कापत सुटते. तोवर आमच्यातल्या काहींनी झगा बदललेला असतो. शोधा म्हणावं पुन्हा पहिल्यापासून! असे शेकडो झगे आहेत माझ्याकडे. दीड वर्ष नाचवलं मी त्या फौजेला.

मग गावात तपासणीवाले आले, माना चाचपू लागले. मावंगाच्या मानेला माझ्यामुळे गाठी आलेल्या. तिनं मानेभोवती फडकं गुंडाळलं आणि शेताकडे निघाली.

"अगं, तपासून घे की!" नणंद लुकाऊ ओरडली.

"आणि मग? सहा महिने गरम जेवायचं नाही, उन्हात जायचं नाही, कुदळ धरायची नाही. माझ्या आईनं पाळलंय सगळं. माझं शेत काय तू खणणारेस?"

जुन्या जहाल औषधाबरोबर आलेली ती पथ्यं. औषध गेलं, पथ्यं लोकांच्या डोक्यात राहिली. माझं आयतंच फावलं. मी तिच्या मेंदूत शिरलो. ती दिवसा बसल्या जागी झोपू लागली, आणि एके दुपारी कसावाच्या डबक्यात तोंडावर पडली.

लुकाऊनं केसांना धरून तिला बाहेर ओढलं. "मेली असतीस ना गं सटवे!" रडत रडतच तिनं वहिनीला सायकलवर बांधलं आणि दवाखाना गाठला.

तपासणीत मी सापडलो. नर्सनं दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. "इथंच राहून, पोटभर जेवूनच घ्यायच्या."

"गार जेवण ना?" मावंगानं हळूच विचारलं.

"गरम खा, गार खा, पण खा बाई!"

"आणि कुदळ?"

"बरी झालीस की धर."

लुकाऊनं कपाळावर हात मारला. "एवढ्यासाठी जीव देत होतीस?"

आज सहावा दिवस. ही गोळी झगा बघतच नाही, सरसकट मारते. आम्ही थोडेच उरलोय. तरी माफी मागणार नाही. तिच्या फौजेला मी पुरून उरलो, हे विसरू नका. मला हरवलं ते एका नणंदेनं. आत्ताही दवाखान्याच्या अंगणात चुलीपाशी बसून ती ओरडतेय, "आ कर, अजून एक घास!"

भर दुपार आहे, आणि मावंगा जागी आहे.